ओल्ड सारम: गाव उठलं, खासदार मात्र तिथेच राहिले

मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला: लोकसंख्येप्रमाणे जागा कमी-जास्त करायच्या, त्यात एवढं भांडायचं काय? दुसरा: आहे तसंच चालू दिलं तर बिघडतं काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडने स्वतःवर प्रयोग करून शोधून ठेवलंय. हा प्रयोग काही शतकं चालला. तो संपला तेव्हा विल्टशरमधल्या एका निर्मनुष्य टेकडीचे ब्रिटिश संसदेत दोन खासदार होते आणि लाखाच्या वर वस्तीच्या मँचेस्टरचा एकही नव्हता.

त्या टेकडीचं नाव ओल्ड सारम. १८३१ सालच्या शेवटच्या निवडणुकीत तिथे एकूण ११ मतदार होते आणि त्यांतला एकही तिथे राहत नव्हता. हे भ्रष्टाचाराचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. पण नुसतं भ्रष्टाचार म्हणून सोडून दिलं तर खरी गंमत हातातून निसटते, कारण यातलं जवळजवळ सगळं कायद्याला धरून होतं.

गाव का उठलं?

ओल्ड सारम इंग्लंडच्या दक्षिणेला, सॉल्सबरी शहराच्या उत्तरेस साधारण ३ किलोमीटरवर आहे. लोहयुगात तिथे मातीच्या तटबंदीचा डोंगरी किल्ला होता. नॉर्मन राजा विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर त्याच तटबंदीच्या आत राजवाडावजा किल्ला बांधला. शेजारी मोठं कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, उभं राहिलं. १०९२ मध्ये त्याचं विधिवत उद्घाटन झालं आणि पाचच दिवसांत वादळाने त्याचं नुकसान केलं. शकुन काही बरा नव्हता.

टेकडीवर पाण्याची ओढ, वारा असा की कॅथीड्रलमधली प्रार्थना ऐकू येईना, आणि एकाच तटबंदीच्या आत किल्ल्याचे शिपाई आणि चर्चचे पाद्री यांची रोजची कुरबुर. शेवटी पोपची परवानगी घेऊन १२२० मध्ये खाली नदीकाठच्या कुरणात नव्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला. त्याच्याभोवती वसलं ते न्यू सारम, म्हणजे आजचं सॉल्सबरी. आपल्याकडे जुनं गावठाण ओस पडतं आणि ओढ्याकाठी नवं गावठाण वसतं, तसंच हे. लोक गेले, बाजार गेला, जुन्या कॅथीड्रलचे दगडसुद्धा काढून खाली नेले. वर राहिला किल्ला, आणि पुढे त्याचेही नुसते अवशेष.

मग या उजाड टेकडीला खासदार मिळाले कसे?

इथे एक शब्द समजून घ्यायला हवा: बरो. राजाच्या सनदेने किंवा जुन्या वहिवाटीने ज्याला शहराचा दर्जा आणि संसदेत आपली माणसं पाठवण्याचा हक्क मिळाला होता, ते गाव म्हणजे बरो. इंग्लंडच्या बहुतेक बरोंतून दोन-दोन खासदार जात. बाकी ग्रामीण भाग काउंटीत मोडे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि तिलाही दोनच खासदार.

राजा पहिल्या एडवर्डने १२९५ साली बोलावलेल्या संसदेत ओल्ड सारमचे प्रतिनिधी होते. गाव तेव्हाच ओसरू लागलं होतं, पण किल्ला राजाचा होता आणि कागदोपत्री बरो जिवंत होता. पुढे मध्ये काही काळ खंड पडला आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दोन खासदार नेमाने जाऊ लागले.

आज नवल वाटेल, पण त्या काळी खासदार पाठवणं हा हक्कापेक्षा भुर्दंड होता. बरोच्या प्रतिनिधीला दिवसाला २ शिलिंग भत्ता बरोनेच द्यायचा. राजा संसद बोलावी तीच मुळी कर मागायला. म्हणजे पदरचे पैसे घालून माणूस पाठवायचा आणि तो कर मान्य करून परत येणार! त्यामुळे कुणाला किती जागा याकडे फारसं कुणी पाहत नव्हतं. काही गावं तर आमंत्रण टाळायचाच प्रयत्न करीत.

सोळाव्या शतकात वारं फिरलं. संसदेत बसण्याला मान आला, सत्तेशी जवळीक आली, आणि जमीनदार घराण्यांतले लोक भत्ता न घेता स्वखर्चाने बसायला तयार झाले. ज्या गावांना तो खर्च ओझं वाटत होता, त्यांनी आपली जागा आनंदाने असल्या श्रीमंतांच्या हाती दिली. ट्यूडर राजांनीही मर्जीतले लोक आत आणण्यासाठी छोट्या-छोट्या गावांना बरो करून टाकलं. एकट्या कॉर्नवॉल काउंटीतून ४४ खासदार येऊ लागले, ते याच ओघात.

मग १६७३ मध्ये न्यूआर्क हे नवं बरो यादीत आलं आणि इंग्लंडपुरती यादी गोठली. स्कॉटलंड आणि आयर्लंडचे खासदार पुढे १७०७ आणि १८०१ च्या एकीकरणाने जोडले गेले, पण इंग्लंडच्या यादीला १८३२ पर्यंत कुणी मोठा हात लावला नाही. दीडशेहून अधिक वर्षं. याच काळात यंत्रयुग आलं आणि खेडी रिकामी करून माणसं मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स, शेफील्डला लोटली. यादीत या गावांची नावंच नव्हती. विल्टशरचे मात्र ३४ खासदार होते. ओल्ड सारमचे दोन, त्याच्या पायथ्याच्या सॉल्सबरीचे वेगळे दोन, शेजारच्या विल्टनचे दोन, जवळच्याच डाउन्टनचे दोन.

मधे एकदा गाडी रुळावर आली होती. राजेशाही मोडून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीत, १६५३ च्या राज्यघटनेने लहान बरो खोडून मँचेस्टर आणि लीड्सला प्रत्येकी एक खासदार दिला होता. राजेशाही परतली, जुनी यादी परतली आणि मँचेस्टर पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं वाट बघत बसलं.

मत कुणाच्या नावावर?

आपल्या डोक्यात मत म्हणजे माणसाचं. वय भरलं, यादीत नाव आलं, मत मिळालं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये प्रत्येक बरोचा नियम निराळा होता. कुठे स्थानिक कर भरणाऱ्याला मत, कुठे नगरपालिकेच्या डझन-दोन डझन सभासदांनाच, कुठे गावच्या व्यापारी-कारागिरांच्या संघाचा मान मिळालेल्याला. काही बरोंत तर ज्याची स्वतःची चूल, त्याला मत. वेगळी चूल मांडली की वेगळं रेशनकार्ड, हा हिशेब आपल्याला नवा नाही. तिथे मतदानाआधी आपण खरंच वेगळं शिजवतो हे दाखवायला लोक घराबाहेर हंडा चढवत, असं सांगतात.

ओल्ड सारमचा प्रकार बर्गेजचा. बर्गेज म्हणजे बरोच्या हद्दीतला, जुन्या ठरावीक खंडावर दिलेला घराचा भूखंड. असा भूखंड ज्याच्या नावावर, त्याला एक मत. घर पडलं, घराच्या जागी नांगर फिरला, मालक शंभर मैल दूर गेला, तरी मत त्या तुकड्याला चिकटलेलं. मतदारयादी बघायचीच नाही, सातबारा बघायचा.

हौसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. एका सभासदत्वाला एक मत. आता समजा सगळे रहिवासी सोडून गेले, इमारत पडली, पण नोंदणी रद्द झाली नाही. एका माणसाने सगळ्यांची शेअर सर्टिफिकेटं विकत घेतली आणि सभेच्या आदल्या दिवशी ती आपल्या ड्रायव्हर, कारकून, पुतण्याच्या नावे केली. कोरम भरला, निवडणूक झाली, इतिवृत्त लिहिलं. कागदावर कुठेच बोट ठेवायला जागा नाही. ओल्ड सारममध्ये हेच चाले, फक्त निवडून येणारा माणूस सोसायटीचा सेक्रेटरी न होता देशाचे कायदे करायला जाई.

दोन शब्द इथेच वेगळे करून ठेवूया, कारण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्ती झिजून झिजून ज्याचं हसं झालंय तो सडका बरो. ज्याची जागा एकाच मालकाच्या मुठीत आहे तो खिशातला बरो. सडका असून खिशात नसलेले आणि चांगली वस्ती असून खिशात असलेले, दोन्ही प्रकार होते. ओल्ड सारम दोन्हींत बसत होतं.

निवडणूक पार पाडायची रीत

लंडनहून, राजाच्या मोहोरेचं काम पाहणाऱ्या चान्सरी कचेरीतून, विल्टशरच्या शेरीफला, म्हणजे काउंटीतल्या राजाच्या अधिकाऱ्याला, हुकूमनामा येई. शेरीफ तो बरोच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे पाठवी. ओल्ड सारममध्ये हा अधिकारी म्हणजे बेलिफ, आणि त्याला नेमणारा खुद्द जमिनीचा मालक. पंचही घरचाच.

मग भूखंडांची दस्तऐवजं निघत. मालक आपल्या विश्वासातल्या कुळांच्या, नातेवाइकांच्या किंवा नोकरांच्या नावे तात्पुरतं हस्तांतरण करी. मत पडलं की कागद पुन्हा मालकाच्या पेटीत. यात धोका एकच: कागद हातात आला आणि माणूस उलटला तर? म्हणून पोटासाठी आपल्यावर अवलंबून असलेलीच माणसं निवडत. शिवाय मतदान तोंडी आणि सर्वांसमोर असे. कुणी कुणाला मत दिलं हे त्याच क्षणी कळे, तेव्हा गुपचूप दगा द्यायची सोयच नव्हती.

ठरल्या दिवशी सगळे टेकडीच्या पायथ्याशी एका शेतात जमत. त्या तुकड्याला 'निवडणुकीचा एकर' म्हणत आणि तिथल्या एल्म जातीच्या झाडाला 'संसदेचं झाड'. इमारत कुठली? गरज पडली तर तंबू ठोकायचा. हुकूमनामा वाचायचा, लाचेविरुद्धचा कायदा मोठ्याने वाचायचा (हो, तोही न चुकता), नावं सुचवायची. विरोधात कुणी नसेल तर मतं मोजायचं कारणच नाही. निकालपत्रावर सह्या करून ते शेरीफकडे धाडलं की दोन खासदार तयार. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे लढत अशी जवळजवळ झालीच नाही. सगळे भूखंड एकाकडे असताना लढायचं कुणी आणि कशाच्या जोरावर?

मद्रासचा पैसा

ओल्ड सारमच्या मालकीचा इतिहास वाचताना भारतीय वाचकाला ओळखीचे धागे सापडत राहतात. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या सुरुवातीला ही मालमत्ता सेसिल घराण्याकडून टॉमस पिटने विकत घेतली. हा पिट मूळचा ईस्ट इंडिया कंपनीच्या डोळ्यांतलं कुसळ. कंपनीची मक्तेदारी मोडून ओडिशाच्या बालासोरहून चोरटा व्यापार करणारा. कंपनीने त्याला दंड केला, धाकदपटशा दाखवला आणि काहीच चालेना तेव्हा १६९८ मध्ये त्यालाच मद्रासचा गव्हर्नर केलं. १७०१ च्या सुमारास त्याने तिथे गोवळकोंड्याच्या खाणींतला ४१० कॅरटचा कच्चा हिरा जामचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून घेतला. पैलू पाडल्यावर तो १४० कॅरटच्या आसपास भरला आणि १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला १,३५,००० पौंडांना विकला गेला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

याच पिटचा नातू थोरला विल्यम पिट १७३५ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, पहिल्यांदा खासदार झाला तो ओल्ड सारममधून. त्याचा मोठा भाऊ दोन ठिकाणांहून निवडून आला होता. त्याने ओल्ड सारमची जागा सोडली आणि धाकट्याला दिली. घरातली जादा सायकल द्यावी तशी. हाच पिट पुढे पंतप्रधान झाला, आणि त्याने १७६६ मध्ये सभागृहात या असल्या बरोंना राज्यघटनेचा सडका भाग म्हटलं. हा भाग शतकभर टिकायचा नाही, आपण होऊन गळला नाही तर कापून काढावा लागेल, असं भाकीतही केलं. ६६ वर्षांत ते खरं ठरलं.

१८०२ मध्ये पिट घराण्याने ओल्ड सारम अर्ल ऑफ कॅलेडनला विकलं. कॅलेडनच्या बापाची श्रीमंतीही कंपनीच्या नोकरीतली, भारतातून नेलेली. त्याच वर्षी तिथून निवडून आलेला निकोलस व्हॅन्सिटार्ट हा बंगालच्या माजी गव्हर्नरचा मुलगा, पुढे ब्रिटनचा अर्थमंत्री. आणि १८३२ मध्ये मतदारसंघ बुडाला तेव्हा तिथले शेवटचे दोन खासदार कॅलेडनचेच अलेक्झांडर कुटुंबीय होते. त्यांतला एक, जोसायस ड्यू प्री अलेक्झांडर, कंपनीचा संचालक होता. इंग्लंडमध्ये अशा भारतातून गबर होऊन परतलेल्यांना 'नेबॉब' म्हणत. आपल्या नवाबाचाच तो अपभ्रंश. यांनी जागांचे भाव चढवले अशी जुन्या जमीनदारांची तक्रार असे. तक्रार सडक्या बरोंबद्दल नव्हती, महागाईबद्दल होती.

हे कायद्याने चालत होतं का?

मतदाराला लाच देणं गुन्हा होता. एकच जमीन तुकडे करून खोटी नवी मतं निर्माण करण्यावर १६९६ च्या कायद्याने बंदी होती. बरोच्या खासदाराची जमिनीतून वर्षाला किमान ३०० पौंड मिळकत असावी, असा १७१० पासून नियम होता. मात्र आधीपासूनचे मताचे भूखंड विकत घेऊन एकत्र करणं हा साधा मालमत्तेचा व्यवहार होता. मालक ती जागा गहाण टाकी, मुलाच्या नावे करी, विके. आपल्याकडची पाटीलकी-देशमुखीची वतनं आठवा. हक्क आणि जमीन एकमेकांत गुंतलेली, पिढ्यान्पिढ्या चालणारी, विकता-वाटता येणारी. वतनदाराला 'तुझं वतन अन्यायाचं आहे' म्हटलं तर तो जसा 'माझ्या आजोबांनी पैसे मोजलेत' म्हणेल, तसंच बरोचा मालक म्हणे.

बदलाची खरी अडचण या ठिकाणी होती. चोरी असती तर पकडता आली असती. ही मालमत्ता होती, आणि मालमत्ता काढून घ्यायची तर भरपाई कोण देणार? थोरल्या पिटचा मुलगा धाकटा पिट, त्याने पंतप्रधान असताना, १७८५ मध्ये ३६ बरो त्यांच्या मालकांना पैसे देऊन बंद करण्याचा प्रस्ताव आणला. त्यासाठी १० लाख पौंड बाजूला काढायचे होते. सभागृहाने तो २४८ विरुद्ध १७४ मतांनी फेटाळला. आयर्लंडमध्ये मात्र हे घडलं. १८०१ च्या एकीकरणात तिथले ८४ बरो रद्द झाले, तेव्हा प्रत्येकी १५,००० पौंड, म्हणजे एकूण १२ लाख ६० हजार पौंड सरकारी तिजोरीतून दिले गेले.

'पण खासदार साऱ्या देशाचा असतो ना?'

सुधारणेला विरोध करणारे सगळेच लुच्चे नव्हते. त्यांचे दोन मुद्दे वजनदार होते.

पहिला असा: खासदार आपल्या मतदारांचा वकील नसतो, तो साऱ्या देशाचं हित पाहतो. मँचेस्टरचा स्वतःचा खासदार नसला म्हणून काय झालं, इतर गावांच्या खासदारांत गिरणीमालक आहेत, व्यापारी आहेत, ते मँचेस्टरची बाजू मांडतातच. ऐकायला बरं वाटतं. अडचण एवढीच की तो व्यापारी-खासदार चुकीचा वागला तर मँचेस्टरच्या विणकराने काय करायचं? त्याला पाडायला याच्या हातात मत नाही. हाच युक्तिवाद अमेरिकेतल्या वसाहतींना ऐकवला गेला होता: तुमचे प्रतिनिधी नसले तरी संसद तुमचाही विचार करते, तेव्हा कर भरा. वसाहतींनी काय उत्तर दिलं ते जगजाहीर आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक विचार करायला लावतो. खिशातल्या बरोंमुळे पैसा किंवा स्थानिक वजन नसलेली हुशार तरुण माणसं आत येऊ शकली. थोरला पिट तसा आला. राजकीय विचारवंत एडमंड बर्क तसाच आला. आपल्याला शिक्षणाच्या धोरणामुळे माहीत असलेला मेकॉले १८३० मध्ये आला तो विल्टशरमधल्याच काल्न या लॉर्ड लॅन्सडाउनच्या खिशातल्या बरोतून, आणि मार्च १८३१ मध्ये त्याने तिथूनच सुधारणेच्या बाजूने गाजलेलं भाषण केलं. १८०१ मध्ये तर ओल्ड सारममधून जॉन हॉर्न टूक निवडून आला. राजद्रोहाच्या खटल्यातून सुटलेला, संसद सुधारणेचा जहाल पुरस्कर्ता! तो पूर्वाश्रमीचा पाद्री असल्याने त्याला रोखायला पाद्र्यांना संसदबंदी करणारा कायदाच केला गेला, आणि तो २००१ पर्यंत टिकला.

मुद्दा खोटा नाही, अपुरा आहे. दार उघडायचं की नाही हे मालकाच्या मर्जीवर होतं. एका बर्कमागे मालकाचे मेहुणे, जावई आणि पैसे मोजून आलेले कितीतरी होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका संसदेपुरत्या जागेचा भाव ५,००० पौंडांच्या घरात गेला होता. १८०९ मध्ये जागांच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली. व्यवहार त्यानंतर जरा आडून होऊ लागले.

शेवटी मोडलं कसं?

ज्यांच्या जागा जाणार त्यांनीच त्या जाव्यात म्हणून मत द्यायचं, हा पेच होता. मार्च १८३१ मध्ये असे बरो बंद करणाऱ्या सुधारणा विधेयकाचं दुसरं वाचन, म्हणजे त्याच्या मूळ तत्त्वावरचं मतदान, ३०२ विरुद्ध ३०१ अशा एका मताने पार पडलं. पुढच्या टप्प्यावर सरकार अडलं, संसद बरखास्त झाली, निवडणूक झाली आणि सुधारणावाले मोठ्या संख्येने परतले. दुसरं विधेयक ऑक्टोबरमध्ये उमरावांच्या सभागृहाने १९९ विरुद्ध १५८ मतांनी पाडलं. नॉटिंगहॅम, डर्बी आणि विशेषतः ब्रिस्टलमध्ये दंगली पेटल्या. मे १८३२ मध्ये राजा चौथा विल्यम गरज पडल्यास सुधारणेच्या बाजूचे नवे उमराव करायला तयार झाला. त्या धाकाने विरोधक सभागृहाबाहेर राहिले आणि ७ जून १८३२ ला कायदा झाला.

कोणते बरो बुडवायचे हे ठरवण्याची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पहिल्या विधेयकात साधी फुटपट्टी होती: १८२१ च्या जनगणनेत २,००० हून कमी वस्ती असेल तर दोन्ही जागा रद्द. पण जनगणना चर्चच्या हद्दीप्रमाणे झालेली आणि बरोची हद्द वेगळी. मोठ्या हद्दीत असलेला चिमुकला बरो फुगलेला दिसे, शेजारचा बिचारा खरा आकडा देऊन अडके. वाद माजला. तेव्हा टॉमस ड्रमंड या लष्करी अभियंत्याकडे काम गेलं. त्याने प्रत्येक बरोतली घरं आणि तिथून जमा होणारा ठरावीक कर असे दोन आकडे घेतले, प्रत्येकाला सगळ्यांच्या सरासरीने भागलं आणि दोन्ही उत्तरांची बेरीज करून क्रम लावला. तळापासून ५६ बरो पूर्ण रद्द, त्यावरच्या ३० बरोंची एकेक जागा कमी. यादीत सर्वांत तळाला ओल्ड सारम होतं. समुद्राने निम्माअधिक गिळलेलं डनिच आणि मूठभर घरांचं गॅटन ही त्याची सोबती. या वेळी भरपाई कुणालाही मिळाली नाही.

सुटलेल्या जागांतून मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स आणि शेफील्डला दोन-दोन खासदार मिळाले. मेकॉले काल्न सोडून लीड्समधून उभा राहिला आणि जिंकला.

म्हणजे १८३२ मध्ये लोकशाही आली?

नाही. बरोंत मत मिळालं ते वर्षाला १० पौंड भाडेमूल्याच्या घरात राहणाऱ्या पुरुषाला. इंग्लंड-वेल्समध्ये साधारण पाचांपैकी एका प्रौढ पुरुषाला. 'पुरुष' हा शब्द कायद्यात स्पष्ट लिहिला गेला तोही याच वेळी. मतदान उघडंच राहिलं, त्यामुळे अनेक बरो खिशातच राहिले. गुप्त मतदान १८७२ मध्ये आलं. लोकसंख्येला धरून मतदारसंघांची मोठी आखणी १८८५ मध्ये झाली आणि जागांचा हिशेब वेळोवेळी करणारे कायम सीमा आयोग १९४४ च्या कायद्याने.

सध्याचा ब्रिटिश नियम काटेकोर आहे. २०२३ च्या पुनर्रचनेत मतदारसंघाचा सरासरी आकडा ७३,३९३ मतदार धरला होता आणि त्याच्या ५ टक्के खाली-वर एवढीच मुभा, म्हणजे ६९,७२४ ते ७७,०६२. फक्त पाच मतदारसंघांना सूट आहे आणि ते सगळे बेटांवरचे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका द्वीपसमूहात २१ हजारांच्या आसपास मतदार असूनही खासदार वेगळा.

या काटेकोरपणाचीही किंमत मोजावी लागते. आकडा जुळवण्यासाठी गावाच्या मधून रेघ जाते, नदीपलीकडचं खेडं भलत्याच शहराला जोडलं जातं, आणि दर आठ वर्षांनी पुन्हा मोजणी असल्याने खासदार व मतदार दोघांनाही नवे शेजारी मिळत राहतात. उलट सीमा गोठवल्या की काय होतं याचं सौम्य रूप आपल्याकडे आहे. राज्यांच्या लोकसभा जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर थांबवलेली आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ती थांबली आणि पुढे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबली. ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांच्या जागा घटू नयेत, हे त्यामागचं कारण विचारपूर्वक दिलेलं होतं. ओल्ड सारमच्या मालकांकडे तसलं काही नव्हतं. मतदारसंख्येतली तफावत मात्र आपल्याकडेही मोठी आहे: लक्षद्वीपमध्ये साठ हजारांच्या आत मतदार, तेलंगणातल्या मलकाजगिरीत तीस लाखांहून अधिक. लक्षद्वीपची सोय ब्रिटिश बेटांसारखी समजण्याजोगी आहे. मलकाजगिरी फुगलं ते मँचेस्टरसारखं, शहराच्या वाढीने.

आता टेकडीवर काय आहे?

मातीचे बांध, किल्ल्याचे दगडी अवशेष आणि कॅथीड्रलच्या पायाची जमिनीत दिसणारी आकृती. संसदेचं झाड विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तग धरून होतं. सगळा परिसर आज सॉल्सबरी मतदारसंघात मोडतो, म्हणजे ६५० पैकी एका खासदाराच्या वाट्याला येतो.

अलीकडच्या काळात टेकडीच्या पूर्वेला नवी घरं उभी राहिली. वसाहतीचं नाव ओल्ड सारम, प्राथमिक शाळेचं नावही ओल्ड सारम. त्या नावाखाली आज जितके मतदार राहतात, तितके त्याचे दोन खासदार संसदेत बसत होते त्या शतकांत कधीच नव्हते.